फोन लागतो, लहान मेल जातात, मोठा मेल मात्र अडतो: यूयूसीपीचं वारंवार उपटणारं दुखणं

यूयूसीपी ही युनिक्स मशीनांनी एकमेकांना फोन लावून मेल आणि फाइली पोहोचवण्याची जुनी पद्धत. तिच्या या दुखण्याचं लक्षण असं. मोडेम फोन लावतो, पलीकडून वाहक सूर (तिकडच्या मोडेमचा जोडणीचा आवाज) मिळतो, लॉगिन होतं, लहान मेल सुरळीत जातात आणि येतात. मग कुणीतरी दोन मेगाबाइटची जोडफाइल पाठवतं आणि तिथून पुढे काही हलत नाही. दर वेळी फोन लागतो, काही मिनिटांचं बिल चढतं, लाइन तुटते आणि रांग होती तिथेच. कुणी मोडेम बंद करून चालू करतं, कुणी ती फाइल रांगेतून काढून टाकतं, मग काही दिवस ठीक जातात. पुढची मोठी फाइल आली की पुन्हा तेच.

हे दुखणं बहुतेक ठिकाणी ‘टेलिफोनची लाइन खराब आहे’ या नावाखाली खपून जातं. माझं मत उलट आहे. लाइन खरोखरच खराब असती तर त्रुटी सुधारणाऱ्या मोडेमने वेग खाली आणला असता किंवा सरळ फोन ठेवला असता. लहान मेल जातात आणि मोठे अडतात असा भेदभाव लाइन करत नाही. तो भेदभाव होतो कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या हातभर केबलवर, कोणी कोणाला ‘थांब’ म्हणायचं या कारभारात.

पुढचं सगळं टेलर यूयूसीपी १.०७ धरून आहे. ही आवृत्ती २००३ची, पण आजही लिनक्स आणि बीएसडीवर बहुधा हीच सापडते. तिच्या मुख्य सेटिंग-फाइली म्हणजे सिस (पलीकडच्या मशीनांची), पोर्ट (सीरियल पोर्टची) आणि डायल (मोडेमची). हनीडॅनबर या यूयूसीपीच्या दुसऱ्या प्रकाराच्या जुन्या युनिक्सवर फाइलींची नावं वेगळी असतील (सिस्टिम्स, डिव्हायसेस, डायलर्स, पर्मिशन्स), तर्क तोच. उदाहरणात आपलं मशीन ‘ओसरी’ आणि पलीकडचं ‘नाका’.

आधी रांग कुठे आहे ते बघा

मेल सर्व्हरची रांग दाखवणारी मेलक्यू आज्ञा दिली तर रांग रिकामी दिसते आणि माणूस गोंधळतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या दृष्टीने त्याचं काम मेल यूयूएक्सच्या (यूयूसीपीच्या रांगेत काम टाकणाऱ्या आज्ञेच्या) हवाली केला तेव्हाच संपलं. त्याच्या लॉगमध्ये ‘सेंट’ असंच लिहिलेलं असतं. खरी रांग ‘यूयूस्टॅट -ए’ दाखवतो. म्हणूनच ‘यूयूस्टॅट -के’ने अडलेलं काम मारण्याची घाई करू नका. त्या मेलची दुसरी प्रत पोस्टफिक्सकडे नसते. मारलात की तो गेलाच, आणि पाठवणाऱ्याला वाटत राहतं की पोहोचला.

दुसरा घोटाळा पुनर्प्रयत्नाच्या वेळेचा. कॉल फसला की यूयूसीआयसीओ (फोन लावून देवाणघेवाण करणारा यूयूसीपीचा प्रोग्रॅम) पुढच्या प्रयत्नाआधी ठरावीक वेळ थांबतो आणि दर अपयशानंतर ही वेळ वाढवत नेतो. मूळ सेटिंगप्रमाणे २६ कॉल फसले की मग दिवसातून जास्तीत जास्त एकदाच फोन लावला जातो. तुम्ही केबल बदलता, क्रॉनची (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) वाट बघता, काहीच होत नाही, आणि केबलचा काही उपयोग झाला नाही असा निष्कर्ष काढता. प्रत्यक्षात फोन लावलेलाच नसतो. लॉगमध्ये ‘रिट्राय टाइम नॉट रीच्ड’ दिसलं तर हेच झालं आहे. ‘यूयूस्टॅट -एम’ प्रत्येक मशीनची स्थिती सांगतो. तपासणी करताना यूयूसीआयसीओला लहान एसऐवजी कॅपिटल एस देऊन नाक्याचं नाव द्या. मग तो थांबण्याची अट बाजूला ठेवून लगेच फोन लावतो.

कॉल कुठवर पोहोचला?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका. व्हार-लॉग-यूयूसीपीमधली ‘लॉग’ नावाची फाइल उघडा आणि शेवटच्या कॉलच्या ओळी वाचा.

चॅट म्हणजे मोडेमशी आणि लॉगिनशी करायची ठरलेली प्रश्नोत्तरं. ‘टाइम्ड आउट इन चॅट, गॉट’ असं असेल आणि त्यापुढे मोडेमचीच अक्षरं असतील, तर गाडी मोडेमपाशीच अडली. एटीझेड (मोडेमला साठवलेल्या सेटिंगवर नेणारी आज्ञा) नंतर लगेच दुसरी आज्ञा पाठवली तर काही मोडेम तिची पहिली अक्षरं गिळतात. मध्ये उलटी तिरपी रेघ आणि डी घालून सेकंदभर दम घ्या. पुढे ‘ओजिन:’ची (‘लॉगिन:’च्या शेपटीची) वाट बघताना वेळ संपली असेल, तर लॉगिनचा मजकूर बदलला आहे किंवा पलीकडच्या गेटीला (लॉगिन विचारणाऱ्या प्रोग्रॅमला) जागं करायला एक रिटर्न कमी पडतो. लॉगिनच्या चॅटची वेळमर्यादा मूळ सेटिंगमध्ये १० सेकंदच असते, ती चॅट-टाइमआउटने वाढवता येते. चॅट नेमका काय बोलला हे बघायचं असेल तर यूयूसीआयसीओ ‘-एक्स चॅट,हँडशेक’ लावून चालवा. सगळे प्रकार लावले तर डीबग फाइलमध्ये पासवर्डही उतरू शकतो, ती फाइल तशीच कुणाला पाठवू नका.

लॉगिननंतर नाका ‘एसहिअर’ म्हणतो, ओसरी आपलं नाव सांगते, आणि नाका उत्तर देतो. ‘आरओके’ आलं तर पुढे चला. ‘आर यू आर अननोन टू मी’ म्हणजे नाव जुळत नाही. कॉन्फिग फाइलमधलं नोडनेम बघा, होस्टनेम बदलल्यावर हे हमखास होतं. ‘आरलॉगिन’ म्हणजे नाव बरोबर पण ते या लॉगिनशी बांधलेलं नाही. ‘आरएलसीके’ म्हणजे नाक्याच्या मते तुम्ही आधीच त्याच्याशी बोलत आहात: मागचा कॉल तुटला, पण त्याच्या मोडेमने ते त्याला सांगितलंच नाही. त्या बाजूला मोडेमला &सी१ आणि &डी२ दिलेलं हवं, म्हणजे वाहक गेल्याची खबर कॉम्प्युटरला मिळते आणि डीटीआर (कॉम्प्युटर तयार असल्याचं सांगणारी तार) पडला की मोडेम फोन ठेवतो.

या सगळ्या पायऱ्या पार करून ‘हँडशेक सक्सेसफुल’ ही ओळ दिसते आणि त्यानंतर फाइल अर्धवट राहते, तर आपण खऱ्या दुखण्यापाशी आलो.

त्या एका ओळीत काय काय आहे

‘हँडशेक सक्सेसफुल’च्या पुढे प्रोटोकॉलचं (देवाणघेवाणीच्या नियमांचं) अक्षर असतं, आणि जी प्रोटोकॉल असेल तर पाठवण्याचा व घेण्याचा पॅकेट-आकार आणि खिडकी असते, ‘६४/७’ अशा रूपात. खिडकी म्हणजे पोच न मिळता एका वेळी किती पॅकेटं वाटेत असू शकतात ती संख्या.

जी हा ग्रेग चेसनने बेल लॅब्जमध्ये रचलेला प्रोटोकॉल, १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर बाहेर आलेल्या यूयूसीपीतला. तेव्हाच्या सावकाश मोडेमना ६४ बाइटचं पॅकेट पुरेसं होतं. आता हिशोब करा. ६४ गुणिले ७ म्हणजे ४४८ बाइट. त्रुटी सुधारणाऱ्या मोडेमच्या जोडीतून पॅकेट जाऊन पोच परत यायला ०.३ सेकंद लागतो असं धरलं, तर सेकंदाला १,५०० बाइटच्या आसपास जातील. २८,८००च्या मोडेमची लाइन त्याच्या दुप्पट वाहू शकते. खिडकी ३ असेल तर ६४० बाइट. म्हणजे बराच वेळ लाइन नुसती पोच येण्याची वाट बघत पडून असते. म्हणूनच एकेकाळी टेलिबिटचे ट्रेलब्लेझर मोडेम यूयूसीपीवाल्यांमध्ये एवढे मानाचे होते: ते जी प्रोटोकॉल ओळखून पोच स्वतःच देऊन टाकत आणि कॉम्प्युटरला थांबूच देत नसत.

हळू चालतं म्हणून मग कुणीतरी सल्ला देतं की पॅकेट ५१२ करा, किंवा जी सोडून आय प्रोटोकॉल घ्या. सल्ला चुकीचा नाही. वेग खरोखर वाढतो, स्टॅट्स फाइलमधला सेकंदाला बाइटचा आकडा बघून समाधान वाटतं. पण आता वाटेत असणारा माल ५१२ गुणिले ७, म्हणजे ३,५८४ बाइट झाला. आय प्रोटोकॉलचं मूळ पॅकेट १,०२४ आणि खिडकी १६, म्हणजे १६,३८४ बाइट. सीरियल पोर्ट १,१५,२०० वेगाने मोडेममध्ये ओततो आणि मोडेम त्याच्या चौथ्या हिश्शाने बाहेर सोडतो. मधला फरक मोडेमच्या बफरमध्ये साचतो. बफर भरला की मोडेमने सीटीएसची (कॉम्प्युटरला ‘आता पाठव’ सांगणारी) तार खाली करायची आणि कॉम्प्युटरने थांबायचं, असा करार. हा करार कुठेतरी तुटलेला असेल तर भरलेल्या घागरीवर नळ चालू ठेवल्यासारखं होतं.

लहान मेल का जातात ते इथे कळतं. चार ओळींचा मेल अख्खा बफरमध्ये मावतो. ६४/७ होतं तोवर मोठा मेलही जात होता, कारण ४४८ बाइटने कुठलाच बफर भरत नाही. प्रोटोकॉल स्वतःच स्वतःला आवरत होता. करार पहिल्यापासून तुटलेला होता, पॅकेट मोठं केल्यावर तो उघडा पडला.

कॉल संपताना जी प्रोटोकॉल आणखी एक हिशोब लॉगमध्ये ठेवतो: किती पॅकेटं पाठवली, किती पुन्हा पाठवली, आणि मग चुका, ‘हेडर’, ‘चेकसम’, ‘ऑर्डर’, ‘रिमोट रिजेक्ट्स’. या ओळीकडे फार कमी लोक बघतात आणि सगळं उत्तर तिच्यात असतं. चुकांमधले पहिले तीन आकडे आपल्याकडे येणाऱ्या मालाचे. ते फुगलेले असतील तर मोडेमकडून येणारे बाइट आपला पोर्ट सांडतो आहे. रिमोट रिजेक्ट्स फुगलेले असतील तर आपण पाठवलेलं पलीकडे फाटकं पोहोचतं, म्हणजे आपल्या मोडेमचा बफर ओसंडतो आहे.

करार कुठे तुटला?

पाठवताना गळती असेल तर हा क्रम ठेवा.

केबलपासून सुरुवात करा. तीन तारांची केबल (पाठवणं, घेणं, जमीन) मोडेमसाठी निरुपयोगी आहे, कितीही सुबक दिसली तरी. आरटीएस (मोडेमला ‘थांब’ सांगणारी), सीटीएस, डीसीडी (वाहक आहे-नाही सांगणारी), डीटीआर या सगळ्या तारा हव्यात. यूएसबीचा अडॅप्टर असेल तर त्याच्या आत सीटीएसची तार जोडलेली आहे का ते तपासा. स्वस्त अडॅप्टरमध्ये ती नुसती खिळ्यापुरती असू शकते. लिनक्सवर स्टॅटसीरियल नावाचं छोटं साधन प्रत्येक तारेची स्थिती जिवंत दाखवतं. मोडेम बंद केल्यावर सीटीएसचा आकडा हललाच नाही तर पुढे शोधायची गरज नाही.

मग मोडेम. तारांचा वापर करायला त्याला सांगावं लागतं. रॉकवेल चिपच्या मोडेमना &के३, यूएस रोबोटिक्सच्या मोडेमना &एच१ आणि &आर२. इथे एक हमखास फसवणूक आहे: कुणीतरी सीयू या प्रोग्रॅमने थेट मोडेमशी बोलून &के३ दिलेलं असतं, तपासणी यशस्वी होते, आणि रात्री डायल फाइलमधली चॅट ओळ पहिली आज्ञा देते एटीझेड. मोडेम साठवलेल्या सेटिंगवर परत जातो आणि &के३ पुसलं जातं. ‘काल चाललं, आज नाही’ या तक्रारीचं हेच एक मोठं मूळ. एकतर &डब्ल्यूने ते साठवा, किंवा माझ्या पसंतीने, एटीझेडवर विसंबूच नका: चॅटमध्ये आधी एटी&एफ देऊन कारखान्याच्या सेटिंगवर जा आणि हवं ते सगळं स्पष्ट लिहा. मोडेम बदलला, विजेचा झटका बसला, कुणी खेळून गेलं, तरी दर कॉलला तेच सेटिंग बसेल.

शेवटी पोर्ट. टेलर यूयूसीपीत हार्डफ्लो (तारांनी ‘थांब’ सांगण्याचं हार्डवेअर नियंत्रण) मूळतःच चालू असतं, पण कुणी पोर्ट फाइलमध्ये ते फॉल्स केलेलं नाही ना ते बघा. कॉल चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवरून एसटीटीवाय -ए आज्ञा त्या पोर्टवर चालवा. ‘सीआरटीएससीटीएस’च्या आधी उणे चिन्ह दिसलं तर हार्डवेअर नियंत्रण बंद आहे. फाइल काय म्हणते यापेक्षा चालू कॉलमध्ये काय दिसतं ते खरं. ‘यूयूसीएचके’ आज्ञा यूयूसीपीने तुमच्या फाइली कशा वाचल्या ते छापून देते. एक मोकळी ओळ किंवा ‘पोर्ट’ नाव दोनदा आल्यामुळे भलतंच सेटिंग लागू झालेलं असलं तर इथे दिसतं.

घेताना गळती असेल तर लिनक्सवर प्रॉक-टीटीवाय-ड्रायव्हर-सीरियल ही फाइल रूट होऊन वाचा. पोर्टच्या ओळीत ‘ओई’ असेल तर तो ओव्हररनचा (वेळेत न उचलल्याने हरवलेल्या बाइटचा) आकडा. कॉलच्या आधी आणि नंतर बघा. तो वाढत असेल तर कॉम्प्युटर बाइट उचलायला उशीर करतो आहे. जुन्या मशीनवर सीरियल पोर्टची १६४५० चिप असेल तर तिच्याकडे साठवणच नाही. १६५५०ए कडे १६ बाइटची आहे. पहिलीवर १,१५,२००चा हट्ट धरू नका, ३८,४०० वर आणा.

एक बारकावा फार लोकांच्या लक्षात येत नाही. सिस फाइलमध्ये तुम्ही जो पॅकेट-आकार लिहिता तो ‘मला एवढ्या आकाराचे पाठव’ असा निरोप असतो. तो येणाऱ्या मालाला लागू होतो. जाणाऱ्या मालाचा आकार पलीकडचं मशीन ठरवतं. त्यामुळे मोठे मेल जाताना अडत असतील आणि तुम्ही इकडे पॅकेट ६४ केलं, तर काहीच फरक पडणार नाही. हँडशेकच्या ओळीत ‘सेंडिंग’चा आकडा बघा. पलीकडच्या व्यवस्थापकाला तो कमी करायला सांगा, किंवा रिमोट-पॅकेट-साइज या पॅरामीटरने त्याची मागणी बाजूला सारा. हा उपाय तात्पुरताच, केबल येईपर्यंतचा.

तुटण्याची जागा ठरलेली असेल तर

वरच्या गळतीत कॉल दर वेळी वेगळ्या जागी मरतो. पण कधी कधी तीच फाइल दर वेळी नेमक्या त्याच बाइटपाशी अडते. हे दुसरं दुखणं, आणि ओळखायला सोपं. कुठेतरी सॉफ्टवेअर नियंत्रण, म्हणजे एक्सऑन-एक्सऑफ, चालू आहे. यात १७ आणि १९ या मूल्यांचे बाइट ‘चालू’ आणि ‘थांब’ या खुणा मानले जातात. तुमच्या फाइलीत ते आले की मोडेम किंवा टर्मिनल सर्व्हर (सीरियल पोर्ट नेटवर्कवर जोडणारं यंत्र) ते गिळतो. पॅकेट तोकडं होतं, नाकारलं जातं, तेच पुन्हा पाठवलं जातं, तोच बाइट पुन्हा गिळला जातो. दहा वेळा पाठवा की शंभर.

साध्या मजकुराच्या मेलमध्ये हे बाइट येत नाहीत. दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) गठ्ठ्यात मात्र येतात: जीझिपने बांधलेल्या मालात ६४ बाइटच्या प्रत्येक पॅकेटमध्ये यांपैकी एखादा असण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के. म्हणून ‘बॅच एसएमटीपी (अनेक मेलचा एकत्र गठ्ठा) दाबून पाठवायला लागल्यापासून बिघडलं’ अशी तक्रार आली की आधी इकडे बघा. उपाय म्हणजे दोन्ही टोकांना सॉफ्टवेअर नियंत्रण बंद करून हार्डवेअरचं चालू करणं. मधे तुमच्या हातात नसलेला टर्मिनल सर्व्हर असेल तर जे प्रोटोकॉल वापरा. तो मूळ सेटिंगमध्येच हे दोन बाइट टाळून पाठवतो. नाक्यावरही टेलर यूयूसीपी असायला हवं, एवढी अट.

लाइन खरोखर तुटत असेल तर

‘लाइन डिस्कनेक्टेड’ येतं आणि चुकांचे आकडे शून्याच्या जवळ आहेत, तेव्हाच टेलिफोनवर संशय घ्या. कॉल वेटिंगचा टुक आवाज वाहक क्षणभर झाकतो आणि मोडेम फोन ठेवतो. ती सेवा बंद करणं उत्तम. नाहीतर एस१० रजिस्टर (वाहक गेल्यावर मोडेम किती वेळ थांबतो ते) वाढवा. ते सेकंदाच्या दहाव्या भागात मोजलं जातं आणि बऱ्याच मोडेममध्ये १४ असतं, म्हणजे १.४ सेकंद. ४० किंवा ५० करून बघा. इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनलाइनवर मोडेम चालवत असाल तर वेग मुद्दाम ९,६०० किंवा त्याखाली बांधून टाका. तिथे जास्त वेगाचा हव्यास म्हणजे पुन्हा पुन्हा डायल करणं.

यूएसबी मोडेम मध्येच तुटून पुन्हा जोडला गेला तर त्याचं नाव बदलू शकतं. युडेव्हमध्ये (लिनक्सवर उपकरणांना नावं देणाऱ्या यंत्रणेत) कायमचं नाव द्या, आणि मग गेटी आणि पोर्ट फाइल या दोघांनाही तेच नाव द्या. पोर्ट वापरात असल्याची खूण असलेली कुलूप-फाइल पोर्टच्या नावावरून बनते. एकाने खरं नाव आणि दुसऱ्याने टोपणनाव वापरलं तर दोन कुलपं तयार होतात आणि दोन प्रोग्रॅम एकाच मोडेमवर हात टाकतात.

हाताने चालवलं तर चालतं, क्रॉनमधून नाही

किंवा उलट. यूयूसीआयसीओ सेटयूआयडी असतो, त्यामुळे तो यूयूसीपी या वापरकर्त्याच्या ओळखीने चालतो. पण पूरक गट मात्र चालवणाऱ्याचेच राहतात. पोर्ट डायलआउट गटाचा असेल आणि तुम्ही त्या गटात असाल तर तुमच्या हातून चालेल. यूयूसीपी हा वापरकर्ता त्या गटात नसेल तर त्याच्या क्रॉनमधून चालणार नाही. यूयूसीपीला गटात घाला आणि तपासणीही त्याच्याच नावाने करा. रूट होऊन केलेली तपासणी याबाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

मेल पोहोचला पण पेटीत नाही

फाइली आल्या, ‘कॉल कम्प्लीट’ झालं, तरी मेल दिसत नाही, तर दोष यूयूएक्सक्यूटीपाशी (आलेली कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमपाशी). तो आर-मेल (मेल सर्व्हरकडे मेल सोपवणारी आज्ञा) चालवतो. ‘नॉट परमिटेड टु एक्झिक्यूट’ दिसलं तर सिस फाइलमधली कमांड्सची यादी बघा. मूळ यादीत आर-मेल आणि आर-न्यूज असतात, पण तुम्ही स्वतःची यादी लिहिली की मूळ यादी जाते. दाबलेला बॅच एसएमटीपी घेत असाल तर असा गठ्ठा उलगडणारं आरसीएसएमटीपी किंवा आरजीएसएमटीपी तिथे हवंच, आणि तो प्रोग्रॅम कमांड-पाथमधल्या डिरेक्टरीत प्रत्यक्ष असायला हवा. मेल सर्व्हरची आवृत्ती बदलताना आर-मेल दुसऱ्या डिरेक्टरीत गेला तर हा दोष अचानक उगवतो. यादी दुरुस्त केल्यावर आधी नाकारलेले मेल आपोआप परत येत नाहीत. नाकारल्याची सूचना पाठवणाऱ्याकडे गेलेली असते, त्यांना पुन्हा पाठवायला सांगावं लागतं.